उपग्रह आला म्हणून तार सोडू नये

नोव्हेंबर २०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्र सरकारने स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतल्या सरकारी संस्था आणि दुर्गम वस्त्या उपग्रहाच्या इंटरनेटने जोडायच्या, असा त्याचा आशय. तेव्हापासून एक मत फार आत्मविश्वासाने मांडले जाते आहे. ते असे: खेड्यात टेलिफोनची तार नेली, तिच्यावरून रडतखडत चालणारे ब्रॉडबँड दिले, मग ती तार सोडून फायबर टाकायला घेतले आणि या खटाटोपात वीस वर्षे गेली. आता शंभर-दोनशे एमबीपीएसची गती आकाशातून थेट कौलावर उतरणार असेल, तर खांब, खंदक, केबल आणि एक्स्चेंज यांच्यावर आणखी पैसा कशाला घालायचा?

हे मत मला चुकीचे वाटते, आणि ते धोरण होऊन बसले तर खेड्यांचे मोठे नुकसान होईल असेही वाटते. पण खंडन करण्याआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीने मांडावा ही आपल्याकडची जुनी शिस्त आहे. तशी त्या मताची ताकद खरोखर मोठी आहे.

बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये टेलिफोनच्या तांब्याच्या जोडीवरून ब्रॉडबँड सुरू केले. आदल्या वर्षीच्या धोरणाने ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला २५६ केबीपीएसची किमान गती ठरवली होती. एक्स्चेंजपासून लांब असलेल्या वस्तीला तेवढीही धड मिळत नसे. पावसाळ्यात केबलच्या जोडांत पाणी शिरले की आधी फोनमध्ये खरखर सुरू होई, मग इंटरनेट जाई, आणि लाइनमनची वाट पाहण्यात दिवस जात. रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने केबल तोडली तर तिचा धनी कोण, हे ठरता ठरत नसे. तांबे महाग झाले तशी केबल चोरीला जाऊ लागली. पुढे २०११ मध्ये सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायची योजना मंजूर झाली. तिला नंतर भारतनेट हे नाव मिळाले. दोन लाखांहून अधिक पंचायती सेवेसाठी सज्ज झाल्याची नोंद सरकारदरबारी झाली, पण सज्ज असणे आणि चालू असणे यांत किती अंतर असते ते पंचायतीच्या खोलीतली बंद पेटी पाहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. इतके झाल्यावर लोक आकाशाकडे पाहू लागले, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

जुन्या उपग्रह-इंटरनेटवरचा सर्वांत मोठा आक्षेपही आता निकालात निघाला आहे, हे मान्य केले पाहिजे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रकाशाच्या वेगाने गेला तरी संदेश वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. प्रश्न गेला आणि उत्तर आले की अर्धा सेकंद, आणि प्रत्यक्षात ६०० मिलिसेकंदांच्या आसपास. अशा जोडणीवर बोलताना दोघेही एकाच वेळी बोलू लागतात आणि दोघेही थांबतात. त्या काळी संथ टेलिफोन लाइन संभाषणाला उपग्रहापेक्षा बरी होती, कारण तिच्यातून माल कमी जाई, पण उत्तर लवकर येई. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात, म्हणून तिथला विलंब पंचवीस ते पन्नास मिलिसेकंदांवर आला आहे. विलंबाचे जुने रडगाणे गाऊन उपग्रहाला विरोध करणाऱ्यांशी माझे जमत नाही. ती लढाई तंत्रज्ञांनी जिंकली आहे.

माझा मुद्दा वाटणीचा आहे.

उपग्रहाची गती सांगताना एका डिशची गती सांगितली जाते. त्या डिशच्या मालकाला दोनशे एमबीपीएस मिळतातही. पण उपग्रह एका घराचा नसतो. त्याचा एक झोत जमिनीच्या मोठ्या तुकड्यावर पडतो आणि त्या तुकड्यातल्या सगळ्या डिश त्याच झोतातून आपापला वाटा उचलतात. भारतापुरते हे गणित सरकारी आकड्यांतूनच मांडता येते. अंतराळ क्षेत्राची नियामक संस्था इन-स्पेस हिने २०२५ च्या जुलैत स्टारलिंकला परवानगी देताना सांगितले की, ४,४०८ उपग्रहांचा हा ताफा भारतावर मिळून सुमारे ६०० जीबीपीएस क्षमता देऊ शकेल. त्याच महिन्यात केंद्रीय दळणवळण राज्यमंत्री पेम्मसानी चंद्रशेखर यांनी सांगितले की स्टारलिंकला देशात फक्त वीस लाख ग्राहक घेता येतील, म्हणून बीएसएनएलने घाबरायचे कारण नाही.

आता ६०० जीबीपीएस वीस लाखांत वाटा. प्रत्येकाच्या वाट्याला ०.३ एमबीपीएस येतात, म्हणजे ३०० केबीपीएस. ज्या २५६ केबीपीएसला आपण जुनाट, संथ, टाकाऊ म्हणून हसतो, तिच्या शेजारीच हा आकडा येऊन बसतो. कोणी म्हणेल, सगळे एकाच वेळी कुठे वापरतात? बरोबर आहे, आणि म्हणूनच प्रत्यक्ष वापरात याच्या अनेक पट गती मिळेल. पण तीच सवलत तारेलाही द्यावी लागते. फायबरच्या नेहमीच्या घरगुती मांडणीत काचेच्या एका धाग्यावरून सुमारे अडीच जीबीपीएस येतात आणि ते जास्तीत जास्त चौसष्ट घरांत वाटले जातात. ती चौसष्टही घरे एकाच क्षणी बसली, तरी प्रत्येकाला ३९ एमबीपीएस मिळतात. दोन्हीकडे सारखाच कठोर हिशेब लावला तर हा फरक सव्वाशे पटींच्या पुढे जातो. रात्री आठ ते दहा या वेळेत, जेव्हा सगळा देश एकदमच मोबाइल हातात घेतो, तेव्हा हा हिशेब कागदावरचा राहत नाही.

वीस लाखांचा आकडा दुसऱ्या बाजूनेही पाहण्यासारखा आहे. देशात सहा लाखांहून अधिक गावे आहेत. सगळ्या जोडण्या खेड्यांनाच दिल्या, शहरातल्या एकाही श्रीमंत बंगल्याला दिल्या नाहीत, तरी गावाला तीन येतात. ज्या सेवेचा पूर्ण विस्तार म्हणजे गावाला तीन घरे, तिच्या भरवशावर गावाची तार सोडून द्यावी, असे म्हणणारा माणूस उरलेल्या घरांचा विचार कुठे करतो?

यावर उत्तर येते की नवे उपग्रह अधिक क्षमतेचे असतील. असतीलच. पण दरम्यान मागणी थांबून राहत नाही. आपल्याच सरकारने ब्रॉडबँडची किमान गती २००४ मध्ये २५६ केबीपीएस, २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस केली. शिवाय क्षमता वाढवायची तर आकाशात नवा उपग्रह सोडावा लागतो, आणि पाचेक वर्षांनी तो जाळून दुसरा सोडावा लागतो. फायबरमध्ये तोच धागा जमिनीत राहतो, दोन टोकांची यंत्रे बदलली की क्षमता वाढते. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने हाच प्रश्न विचारला होता. ग्रामीण ब्रॉडबँडसाठी स्टारलिंकला मिळू घातलेले ८८ कोटी डॉलरहून अधिक अनुदान त्याने ऑगस्ट २०२२ मध्ये नाकारले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो नकार कायम केला. कबूल केलेली गती त्या सगळ्या घरांना देता येईल हे कंपनीला दाखवता आले नाही, हे त्यामागचे मुख्य कारण होते. ज्या देशाची ही कंपनी, तिथली ही गोष्ट.

इतिहास याच दिशेने बोलतो, आणि त्याचे एक मोठे पान महाराष्ट्रात लिहिले गेले आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या आर्वी येथे १९७१ मध्ये देशाचे पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. विक्रम साराभाईंच्या नावाने ते ओळखले जाते. परदेशी फोन लावणे तोवर रेडिओ लहरींच्या मर्जीवर असे. आर्वीच्या भल्या मोठ्या अँटेनाने ते बदलले. त्या काळी कोणी म्हटले असते की यापुढे समुद्राखालच्या तारांचे दिवस संपले, तर ते पटले असते. झाले उलटेच. १९९० च्या दशकात मुंबईच्या किनाऱ्याला समुद्राखालचे फायबर येऊन लागले. १९९७ मधले फ्लॅग हे त्यांतले एक मोठे नाव. संभाषण वाढले, मग माहितीचा पूर आला, आणि जगाची जवळजवळ सगळी आंतरराष्ट्रीय वाहतूक आकाशातून उतरून समुद्रतळाच्या तारेवर गेली. गर्दी नसते तोवर उपग्रह पुरतो, गर्दी झाली की तार लागते. आर्वीने पायवाट काढून दिली, म्हणून तिचा मान मोठाच आहे. पण हमरस्ता जमिनीवरूनच झाला.

याहून ताजे आणि स्वच्छ उदाहरण लक्षद्वीपचे. २०११ च्या जनगणनेनुसार तिथे ६४ हजार माणसे राहतात. केरळच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, विखुरलेली बेटे. उपग्रहासाठीच जन्मलेला प्रदेश म्हणावा असा. अनेक वर्षे तो उपग्रहावरच चालला, आणि सगळ्या द्वीपसमूहाला मिळून १.७ जीबीपीएस मिळत होते. माणशी हिशेब केला तर सव्वीस-सत्तावीस केबीपीएस. डायल-अप मोडेमच्या छप्पन्न केबीपीएसच्याही निम्मे. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून गेलेल्या १,८६८ किलोमीटरच्या समुद्री केबलचे उद्घाटन झाले. खर्च एक हजार कोटींच्या थोडा वर, क्षमता २०० जीबीपीएस. स्टारलिंकचा सबंध ताफा एकशे चाळीस कोटी लोकांच्या देशावर जेवढे आणतो, त्याचा तिसरा हिस्सा एका केबलने ६४ हजार लोकांच्या दारात नेला. अंदमानात हेच त्याआधी, ऑगस्ट २०२० मध्ये, चेन्नईहून गेलेल्या केबलने झाले. बेटांना जे सरकारने समुद्र ओलांडून दिले, ते वाशीमच्या सपाट काळ्या रानात देता येत नाही, हे कसे मानायचे?

वाशीमचे नाव मुद्दाम घेतले. इरादापत्रातले चार जिल्हे एका ओळीत वाचले जातात, पण त्यांची जमीन एक नाही. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीत दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे होती. धाराशिवमध्ये २१९, वाशीममध्ये २४४, नंदुरबारमध्ये २७७. उपग्रहाच्या झोताचा एक तुकडा सुमारे चोवीस किलोमीटर व्यासाचा, म्हणजे ढोबळमानाने चारशे चौरस किलोमीटरचा धरला, तर गडचिरोलीत त्यात तीस हजार माणसे येतात, वाशीममध्ये जवळजवळ एक लाख. तोच झोत, तिप्पट वाटेकरी. त्यात वाशीम-धाराशिवला ना घनदाट जंगल, ना दऱ्या. धाराशिवमधून सोलापूर-धुळे महामार्ग जातो, वाशीममधून समृद्धी जातो. जिथे रस्ता धड आहे, गावे जवळजवळ आहेत आणि माणसे पुष्कळ आहेत, तिथे फायबर न्यायला निसर्गाची काहीच आडकाठी नाही. तिथे अडचण माणसांची आणि कारभाराची आहे, आणि कारभाराच्या अडचणीवर उपग्रहाचा उतारा चालत नाही. नंदुरबारच्या आतही हाच भेद करावा लागेल: अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या सातपुड्यातले पाडे वेगळे, तापीकाठचा शहादा वेगळा.

गडचिरोलीतल्या भामरागडसाठी मात्र मी उपग्रहाच्या बाजूने उभा राहीन. पर्लकोटा नदीला पूर आला की तिथला रस्ता तुटतो, गावे दिवसेंदिवस जगापासून वेगळी पडतात. अशा ठिकाणच्या आरोग्य केंद्राला गडचिरोलीच्या डॉक्टरांशी बोलायला डिश मिळत असेल, तर ती आजच्या आज मिळावी. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगरचे खांब आणि टॉवर आडवे केले, तेव्हाही दोन-चार डिशनी मोठे काम झाले असते. जिथे तार पोचलेली नाही आणि जिथे ती तुटली आहे, अशा दोन्ही ठिकाणी उपग्रहाला तोड नाही. माझा वाद त्यानंतर सुरू होतो. दुष्काळात टँकर लागतो म्हणून गावाची नळयोजना कोणी रद्द करत नाही.

आता टेलिफोन लाइनच्या संथपणाविषयी. ‘तांब्याची तार मुळातच मंद’ ही समजूत इतकी रुजली आहे की तिची तपासणीच होत नाही. तांब्याची जोडी एक्स्चेंजपासून किलोमीटरभरात असेल, तर एडीएसएलच्या सुधारित तंत्राने तिच्यावरून वीस एमबीपीएसच्या आसपास जाऊ शकतात. तीच जोडी पाच किलोमीटर लांबली की एक-दोनवर येते, आणि जोडांत गंज चढला की तेही राहत नाही. मंदपणा अंतरातून आणि हेळसांडीतून आला. ब्रिटनमध्ये २०१० नंतर एक्स्चेंजपासून रस्त्याच्या कडेच्या पेटीपर्यंत फायबर नेले आणि पेटीपासून घरापर्यंतची काहीशे मीटरची जुनी तार तशीच ठेवली. त्याच तांब्यावरून लोकांना ऐंशी एमबीपीएसपर्यंत गती मिळाली. आपल्या खेड्यांत एक्स्चेंज होती, त्यांच्यापर्यंत अनेक ठिकाणी फायबरही होते. पुढचा तुकडा आखूड करायचे काम झाले नाही, आणि न झालेल्या कामाचा ठपका धातूवर आला.

त्या तारेचे दोन गुण तिच्याबरोबरच विसरले गेले. पहिला, एक्स्चेंजपर्यंतची जोडी त्या घराची स्वतःची असते. शेजारी किती सिनेमे पाहतो याचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. दुसरा, टेलिफोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून त्याच तारेने येई. गावात अंधार असला तरी फोन चाले. डिशला सरासरी ७५ वॉट धरले तर दिवसाला १.८ युनिट लागतात, महिन्याला चोपन्न. शाळेचे वीजबिल थकले की मीटर काढून नेतात, अशा गावांत हा आकडा लहान नाही. फायबरचे घरातले यंत्र दहाएक वॉटवर भागवते आणि छोट्या बॅटरीवर तासन्तास चालते.

तरीही मी तांबे परत आणा असे म्हणणार नाही. नवी तार टाकायची तर ती काचेचीच टाकावी, याबद्दल शंका नको. पण तांब्याच्या त्या जाळ्याबरोबर एक्स्चेंजच्या इमारती आल्या, खांबांच्या ओळी आल्या, रस्त्याकडेचा हक्क आला, गावची केबल कुठून जाते ते पाठ असलेली माणसे आली. फायबरला हाच मार्ग लागतो. ‘तार मेली’ असे एकदा जाहीर केले की या सगळ्यावर पाणी सोडले जाते, आणि ते पुन्हा उभे करायला मूळच्यापेक्षा जास्त खर्च येतो.

या वादात आणखी एक गृहीतक दडलेले आहे: खेड्याचा प्रश्न म्हणजे गतीचा प्रश्न. वारणेचा अनुभव वेगळे सांगतो. १९९८ मध्ये वारणानगरच्या परिसरातली सत्तर गावे संगणकांनी जोडायचा प्रकल्प सुरू झाला. देशभर त्याचा गाजावाजा झाला. शेतकऱ्याने त्या केंद्रांतून प्रामुख्याने काय पाहिले? आपल्या उसाची नोंद, काट्यावरचे वजन, खताचा हिशेब. एवढ्याला काही अक्षरे पुरतात. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी तिथेच संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर हे सारे देऊन पाहिले आणि ते चालले. त्या प्रकल्पाची खरी किंमत जोडणीच्या वेगात नव्हती. साखर कारखान्याचे दप्तर शेतकऱ्याला उघडे झाले यात होती. आजची गरज त्याहून पुष्कळ मोठी आहे, मुलांचे वर्ग आणि डॉक्टरांचा सल्ला चित्रासह हवा, हे खरेच. तरी रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र आजही अंगठ्यामागे जेमतेम काही किलोबाइट पाठवते, आणि तेवढीही जोडणी नसली तर म्हातारी माणसे दुकानाच्या पायरीवर बसून राहतात. त्यांना दोनशे एमबीपीएस नकोत. रोज, प्रत्येक वेळी, न तुटणारी जोडणी हवी.

न तुटणे हे निगेवर अवलंबून असते, आणि इथे उपग्रहवाद्यांचे म्हणणे मला सर्वांत कच्चे वाटते. भारतनेट दुरुस्तीअभावी पडले, म्हणून उपग्रह आणा, असे ते म्हणतात. जणू डिशला दुरुस्ती लागत नाही. एज्युसॅट २० सप्टेंबर २००४ रोजी अवकाशात गेला, केवळ शिक्षणासाठी सोडलेला उपग्रह म्हणून. शाळा-महाविद्यालयांत हजारो ठिकाणी यंत्रणा बसली. २०१० मध्ये उपग्रहाचे आयुष्य संपले, आणि कॅगने लेखापरीक्षण केले तेव्हा अनेक केंद्रे बंद किंवा वापराविना पडलेली आढळली. उपग्रह उत्तम चालला. खाली कोणी नव्हते. कोकणात तर डिशपुढे आणखी एक अडचण उभी राहते. स्टारलिंकच्या डिशला आभाळाचा मोठा मोकळा तुकडा लागतो, आणि तिथली घरे माडा-पोफळींच्या सावलीत असतात. आषाढातल्या जोरदार सरीत टीव्हीच्या छत्रीचे चित्र जाते हे सगळ्यांनी पाहिले आहे. स्टारलिंकचा झोतही त्याच जातीच्या लहरींचा आहे.

शिवाय मालकी कोणाची, हाही प्रश्न आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ प्रयोगाने सहा राज्यांतल्या २,४०० गावांत नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून दूरचित्रवाणी दाखवली. साराभाईंचे स्वप्न होते ते, आणि इस्रोने ते मनापासून राबवले. पण उपग्रह उसना होता. वर्ष भरले, नासाने तो परत नेला आणि त्या गावांतले पडदे काळे झाले. इस्रोने त्यातून घ्यायचा तो धडा घेतला आणि पुढे स्वतःचे इन्सॅट उभे केले. २४ जुलै २०२५ रोजी स्टारलिंकच्या अंतर्गत सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला, तेव्हा जगभरातली सेवा दोन-अडीच तास ठप्प होती. खंदकात केबल तुटली तर एक तालुका बंद पडतो आणि ती सांधायला आपला माणूस जातो. इथे गडचिरोलीच्या आरोग्य केंद्राच्या हातात वाट पाहण्याखेरीज काहीच उरले नसते.

मग करायचे काय? विरळ वस्तीला फायबर परवडत नाही, हे पालुपद आधी बाजूला ठेवावे. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात दर चौरस किलोमीटरला चार-पाच माणसे राहतात. गडचिरोली त्याच्या सोळा-सतरा पट दाट आहे. तिथल्या दूरवरच्या शेतघरांपर्यंत मोठ्या प्रमाणावर फायबर पोचले आहे, आणि ते नेले शेतकऱ्यांच्या टेलिफोन सहकारी संस्थांनी. खासगी कंपन्या जात नव्हत्या म्हणून १९४९ मध्ये कायदा बदलून सरकारने अशा संस्थांना स्वस्त कर्ज दिले. त्यांनी तांबे टाकले, जपले आणि पुढे त्याच वाटेने काच टाकली. त्यांची ऐपत आपल्याहून मोठी, हे खरे. पण सहकाराची विद्या महाराष्ट्राला शिकवायची गरज नाही. ज्या भागात दूध संघाची गाडी रोज प्रत्येक वाडीला जाते, तिथे त्याच सभासदांच्या मालकीची फायबर संस्था का उभी राहू नये? गावोगावचा केबलवाला आजही रात्री खांबावर चढून तुटलेली तार सांधतो, कारण सकाळी त्याच गावात त्याला पैसे मागायला जायचे असते. भारतनेटच्या पेटीपासून घरापर्यंतचे काम अशा माणसांच्या आणि संस्थांच्या हाती पक्क्या कराराने द्यावे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले आहेत आणि सरळ रेषेऐवजी कड्याच्या आकारात जाळे विणायचे ठरवले आहे, म्हणजे एका जागी तुटले तर दुसऱ्या बाजूने चालू राहील. पैसा आहे, आराखडाही शहाणपणाचा आहे. अशा वेळी ‘आता उपग्रह आला’ म्हणून लक्ष उडाले, तर हेही अर्धवट राहील.

ऑस्ट्रेलियाने आपले राष्ट्रीय जाळे आखताना सुरुवातीला ९३ टक्के घरांना फायबर, ४ टक्क्यांना जमिनीवरचे बिनतारी आणि शेवटच्या ३ टक्क्यांना उपग्रह अशी वाटणी केली होती. पुढे राजकारणात ती विस्कटली, पण क्रम योग्य होता. महाराष्ट्रानेही उपग्रहाची यादी गावांच्या नावानिशी करावी: पावसाळ्यात तुटणारे भामरागडचे टोले, नर्मदाकाठचे पाडे, मेळघाटातल्या आतल्या वस्त्या. वाशीम आणि धाराशिवची सपाट गावे त्या यादीतून काढून फायबरच्या यादीत घालावीत आणि त्यांना तारीख द्यावी. डिश शाळेला, आरोग्य केंद्राला, पंचायतीला मिळावी. तिच्या विजेची, बॅटरीची आणि बिघाडाची जबाबदारी कोणाची, हे करारात लिहिलेले असावे. डिशचा एक मोठा गुण असा की ती हलवता येते. ज्या गावाला पक्की तार पोचली आणि एक पूर्ण पावसाळा टिकली, तिथली डिश उतरवून पुढच्या टोल्यावर न्यावी, आणि किती डिश अशा पुढे सरकल्या ते दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावे.